अलेक्झांडर काउअन आणि व्हॅलीफील्डचे स्मारक

अलेक्झांडर काउअन (१७७५–१८५९): स्कॉटलंडमधील पेनिकुकचे कागद कारखानदार. नेपोलियनशी युद्ध चालू असताना त्यांच्या घराण्याची व्हॅलीफील्ड गिरणी सरकारने विकत घेऊन तिथे युद्धकैदी कोंडले. पुढे घराण्याने ती परत मिळवली. तिथे दगावलेल्या ३०९ कैद्यांचे स्मारक १८३० मध्ये काउअन यांच्या पुढाकाराने उभे राहिले. गिरणी विकून पैसा मिळाला, त्याचीच ही टोचणी, असा आक्षेप घेता येईल. तो मला पटत नाही. नुसते मनाचे समाधान किंवा नावलौकिक हवा असता, तर गावकऱ्यांच्या डोळ्यांत भरणारी कामे थोडी नव्हती. इथे तर कालच्या शत्रूंसाठी, सर्व माणसे भाऊ आहेत हे इंग्रजीबरोबर त्यांच्या फ्रेंच भाषेतही कोरले आहे, आणि उभारणारे म्हणून लेखात फक्त ‘या पॅरिशमधील काही रहिवासी’ येतात.