हटकर नाईकांचा उठाव

पैनगंगेच्या खोऱ्यात, आजच्या हिंगोली, नांदेड, वाशीम आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमाभागात, हटकरांनी निजाम आणि त्याच्या पाठीशी उभ्या असलेल्या इंग्रज सत्तेविरुद्ध दिलेला लढा. नेतृत्व नोवसाजी नाईकांचे. १८१९ च्या आरंभी त्यांची नोव्हा येथील गढी पडली आणि उठाव मोडला. मराठवाड्यातील इंग्रजविरोधी लढ्यांत त्याची गणना आरंभीच्या उठावांत होते.

हटकरांना जुन्या नोंदींत बरगी धनगर, म्हणजे भालाईत धनगर, असेही म्हटले आहे. परंपरेनुसार त्यांची बारा कुळे उत्तरेतून येऊन हिंगोलीच्या परिसरात आणि पैनगंगेच्या उत्तरेकडील डोंगरांत वसली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘ऐन-इ-अकबरी’ लिहिणाऱ्या अबुल फजलने वाशीमजवळच्या या लोकांची नोंद घेतली आहे. तो त्यांना मानी आणि कोणाला न जुमानणारे म्हणतो व त्यांचे बळ एक हजार स्वार आणि पाच हजार पायदळ असे देतो. एकोणिसाव्या शतकातील गॅझेटिअरकारांनी त्यांच्या एका प्रथेची नोंद केली आहे : लढाईत किंवा शिकारीत पडलेल्याला अग्नी देत, घरी शांतपणे मेलेल्याला मांडी घातलेल्या स्थितीत पुरत.

हा मुलूख कायम सरहद्दीचा. वऱ्हाडचा बालाघाट आणि मराठवाडा यांच्यामधल्या डोंगरवाटा ज्याच्या हाती, त्याला सारा वसूल करता येई आणि फौज हलवता येई. दूरच्या राजधानीतून हे जमत नसे. म्हणून घाट राखण्याचे काम डोंगरात वसलेल्या हटकर नाईकांकडे राहिले. त्या बदल्यात गावांच्या उत्पन्नातला वाटा, गढी आणि शिबंदी ठेवण्याची मुभा त्यांच्याकडे आली. पिढ्यानपिढ्या चाललेली ही व्यवस्था नाईकांना आपला हक्क वाटू लागली, तर हैदराबादच्या दरबाराला ती अडचण वाटू लागली.

अठराव्या शतकात वऱ्हाडावर निजाम आणि नागपूरकर भोसले यांची दोअमली होती. महसूल दोघांत वाटला जाई. १८०३ मध्ये आडगावच्या लढाईत भोसल्यांचा पराभव झाला, देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा प्रदेश निजामाकडे गेला. दोन धनी असताना मधल्या माणसाला वाव असतो. तो वाव आता संपला. हैदराबादेत कारभार पेशकार चंदूलालच्या हाती आला. महसुलाचे मक्ते दिले जाऊ लागले आणि मक्तेदार रयतेकडून मिळेल तेवढे ओरबाडू लागले. त्याच काळात दरबारातील इंग्रज रेसिडेंट हेन्री रसेलने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली नवी कवायती फौज उभी केली. पुढे ती हैदराबाद कंटिंजंट म्हणून ओळखली गेली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर नाईकांना दुसऱ्या कोणाकडे दाद मागण्याची सोयही उरली नाही.

नोवसाजी नाईक उठले ते या परिस्थितीत. या नव्या फौजेच्या मेजर पिटमनशी त्यांची उमरखेडजवळ समोरासमोर लढाई झाली. तिथून मागे हटून त्यांनी नोव्ह्याच्या गढीचा आश्रय घेतला. गढीत सुमारे पाचशे अरब शिपायांची शिबंदी होती. जानेवारी १८१९ मध्ये वेढा पडला आणि महिनाअखेरीस हल्ला करून गढी घेण्यात आली. आतली बहुतेक शिबंदी लढता लढता मारली गेली. नोवसाजींना हैदराबादला नेण्यात आले आणि तिथेच त्यांचा अंत झाला.

आजच्या अर्थाने राष्ट्राचे स्वातंत्र्य ही कल्पना त्या उठावात शोधणे योग्य नाही. आपल्या डोंगराचा कारभार आपल्याकडे राहावा, ठरलेला वाटा कोणी हिरावू नये आणि मक्तेदाराने गावात पाऊल टाकू नये, एवढी त्याची मागणी होती. पण ती मागणी रेसिडेंट, पेशकार आणि मक्तेदार यांच्या एकत्रित सत्तेच्या मुळावर येणारी होती, म्हणूनच ती तोफेने दडपण्यात आली. त्या उठावाला केवळ दरोडेखोरीचे बंड म्हणणे ही जिंकणाऱ्यांची भाषा आहे.

उठाव मोडणाऱ्या फौजेनेच पुढे नवी सरहद्द घडवली. हिंगोली हे कंटिंजंटच्या छावणीचे ठाणे झाले. या फौजेचा पगार भागवण्यासाठी चंदूलालच्या दरबाराने पामर कंपनी या सावकारी पेढीकडून जबर व्याजाने कर्जे काढली. पगाराची थकबाकी वाढतच गेली आणि २१ मे १८५३ च्या तहाने गव्हर्नर जनरल डलहौसीने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली घेतले. तेव्हापासून पैनगंगेच्या एका तीरावर इंग्रजी अंमल, तर दुसऱ्या तीरावर निजामी अंमल अशी विभागणी झाली.

१९४७-४८ मध्ये हीच सरहद्द हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या उपयोगी पडली. पलीकडचे वऱ्हाड स्वतंत्र भारतात होते. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसने सीमेवर कॅम्प उभारले, त्यांत उमरखेडचाही होता. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांशी लढण्यासाठी तरुण तिथून निजामी हद्दीत शिरत. वसमत तालुक्यातील वापटीचे बहिर्जी शिंदे या लढ्यात हुतात्मा झाले. वसमतचे महाविद्यालय त्यांच्या स्मरणार्थ आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. तेव्हा परभणी जिल्ह्यात असलेला हिंगोलीचा प्रदेश १ मे १९९९ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला.