फ्रॅजाइल एक्स संलक्षण : स्वमग्न लक्षणे व संवेदनभेद

एक्स गुणसूत्रावरील एफएमआर १ जनुकातील बिघाडामुळे होणारी दुर्मीळ आनुवंशिक अवस्था. जनुकातील सीजीजी ही त्रयी २०० हून अधिक वेळा आली की जनुक निष्क्रिय होते आणि मेंदूतील चेतासंधींना लागणारे प्रथिन तयार होत नाही. हे जनुक १९९१ मध्ये सापडले.

बाधित मुलग्यांपैकी सुमारे निम्म्यांत स्वमग्नता आढळते; मुलींत लक्षणे बहुधा सौम्य असतात. मात्र या मुलांना माणसे नकोशी असतात, असे नव्हे. पाहुणा आला की मूल हात पुढे करते आणि त्याच क्षणी मान फिरवते. ओळख हवी असते, नजर सोसत नाही. कुकरच्या शिट्टीने कान झाकणे, हात फडफडवणे, शर्टाची कॉलर चावणे हीही नेहमीची लक्षणे. त्यांना हट्ट म्हणणे अन्यायाचे आहे.

बुलढाणा जिल्ह्यात होळीच्या सुमारास भरणाऱ्या सैलानी बाबांच्या यात्रेत मनोरुग्णांना आणण्याची जुनी प्रथा आहे. तिथली गर्दी व गोंगाट फ्रॅजाइल एक्स असलेल्या मुलांना असह्य होऊ शकतो. त्यांना गरज असते ती वाचोपचार व व्यवसायोपचाराची. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या व शाळांतील मुलांची तपासणी होते. विकासात विलंब दिसल्यास पुढील तपासणीसाठी पाठवले जाते. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे.

नेहमीची गुणसूत्र तपासणी निदानाला पुरत नाही. रक्ताची विशिष्ट डीएनए चाचणी लागते. निदान झाल्यास आई व मावशांनीही जनुकीय समुपदेशन घ्यावे.