‘स्पोर’चं कूळ

एक उल्का येते, समुद्रात कोसळून फुटते आणि तिच्या पोटातून एक सूक्ष्म जीव पाण्यात सुटतो. ‘स्पोर’ हा संगणकावरचा खेळ असा सुरू होतो. तिथून पुढे तो जीव खेळणाऱ्याच्या हवाली. आधी पाण्यात कण टिपत पोहायचं, मग पाय लावून किनाऱ्यावर चढायचं, कळपाने राहायचं, शेकोटीभोवती टोळी जमवायची, शहरं वसवायची, सगळा ग्रह एका झेंड्याखाली आणायचा आणि शेवटी यानात बसून ताऱ्यांकडे निघायचं. पेशी, प्राणी, टोळी, संस्कृती आणि अवकाश असे पाच टप्पे. सप्टेंबर २००८मध्ये कॅलिफोर्नियातल्या ‘मॅक्सिस’ या स्टुडिओने तो तयार केला आणि ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स’ने बाजारात आणला. त्यामागचं डोकं विल राइट यांचं, म्हणजे ‘सिमसिटी’ आणि ‘द सिम्स’ ज्यांनी घडवले त्यांचंच.

माझ्या मते संगणकाच्या खेळांमध्ये इतकं भारदस्त कूळ क्वचितच कुणाला लाभलं असेल. या कुळात गणिती आहेत, जीवशास्त्रज्ञ आहेत, खुर्च्यांचे नकाशे काढणारं एक जोडपं आहे आणि एकोणिसाव्या शतकातला एक वकीलही आहे.

आधी त्या उल्केचं बघू. जीवन पृथ्वीवर उपजलं नाही, ते अवकाशातून बीजाणूंच्या रूपात आलं, ही कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ स्वांते अर्‍हेनियस यांनी पद्धतशीर मांडली. प्रकाशाच्या दाबाने असे बीजाणू ताऱ्यांमधून ढकलले जात असतील, असं त्यांचं म्हणणं. १९७०च्या दशकानंतर फ्रेड हॉयल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी ती पुन्हा लावून धरली. हॉयल यांचे शिष्य म्हणजे आपले जयंत नारळीकर. नारळीकरांनी हा प्रश्न वादात न अडकवता प्रयोगावर नेला. २००१ साली हैदराबादहून एक मोठा फुगा सोडण्यात आला. त्याच्याबरोबर गेलेल्या निर्जंतुक नळकांड्यांमध्ये ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा भरून आणली गेली. २००५मध्ये हाच प्रयोग पुन्हा झाला, आणि त्या नमुन्यांची तपासणी हैदराबाद आणि पुण्याच्या प्रयोगशाळांत झाली. त्यात जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्याचं २००९मध्ये जाहीर झालं. त्यांतल्या एकीचं नाव हॉयल यांच्यावरून ‘जॅनिबॅक्टर हॉयली’, दुसरीचं इस्रोवरून आणि तिसरीचं आर्यभटावरून ठेवलं. हे जिवाणू पृथ्वीबाहेरून आले, असं यातून सिद्ध होत नाही, आणि तसा दावा इस्रोनेही केला नाही. पण जी शंका खेळाच्या पहिल्या दृश्यात एका क्षणात उल्केबरोबर उतरते, तिचा पाठपुरावा त्याच दशकात आपल्या आकाशात चालू होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

राइट यांच्या मनात मूळ बीज पडलं ते ड्रेक यांच्या समीकरणाचं. फ्रँक ड्रेक यांनी १९६१ साली अमेरिकेतल्या ग्रीन बँक वेधशाळेतल्या एका बैठकीसाठी ते मांडलं होतं. आकाशगंगेत तारे किती जन्मतात, त्यांतल्या किती जणांना ग्रह, किती ग्रहांवर जीवन, त्यातून किती ठिकाणी बुद्धी, आणि अशी संस्कृती टिकते किती काळ, या सगळ्यांचा तो गुणाकार. राइट यांना यात खेळ दिसला, कारण समीकरणाचं प्रत्येक पद हा एक अडथळा आहे आणि तो ओलांडला तरच पुढच्या पदाला अर्थ येतो. दुसरं बीज चार्ल्स आणि रे ईम्स या रचनाकार जोडप्याच्या १९७७च्या ‘पॉवर्स ऑफ टेन’ या लघुपटाचं. शिकागोत तळ्याकाठी सहलीला आलेल्या दोघांवरून कॅमेरा वर उठतो आणि दर दहा सेकंदांनी दहापट दूर जातो, थेट दीर्घिकांच्या पलीकडे; मग त्याहून जास्त वेगाने परत येऊन झोपलेल्या माणसाच्या हातात, पेशीत, अणूच्या गाभ्यात शिरतो. हा लघुपट स्वतः डच शिक्षक केस बुके यांच्या १९५७च्या पुस्तकावरून निघाला होता. ‘स्पोर’मध्ये माउसचं चाक फिरवून ग्रहावरून ग्रहमालेत आणि तिथून आकाशगंगेत जाता येतं, ती हालचाल सरळ ईम्स यांची. प्रकल्पाचं सुरुवातीचं नावही त्याला साजेसं होतं, ‘सिमएव्हरीथिंग’. सगळ्याचाच खेळ.

पण जीव उत्क्रांत होताना पडद्यावर बघायचा, ही हौस त्याहून जुनी. केंब्रिजचे गणिती जॉन कॉनवे ‘गो’ या खेळाच्या पटावर सोंगट्या मांडून एका नियमसंचाचा शोध घेत होते. तो नियमसंच मार्टिन गार्डनर यांनी ऑक्टोबर १९७०च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये जगापुढे आणला. प्रत्येक घराला आठ शेजारी. जिवंत घराचे दोन किंवा तीन शेजारी जिवंत असले तर ते जगतं. कमी असले तर एकटेपणाने मरतं, जास्त असले तर गर्दीने. रिकाम्या घराला बरोबर तीन जिवंत शेजारी लाभले की तिथे जन्म होतो. एवढंच. या एवढ्याशातून पाच ठिपक्यांची एक आकृती निघते आणि दर चार पिढ्यांनी एक घर तिरकी सरकत पटावरून चालू लागते. तिला चालायला कुणी सांगितलेलं नसतं. खेळणारा फक्त पहिला पट मांडतो आणि बाजूला होतो.

रिचर्ड डॉकिन्स यांनी १९८६च्या ‘द ब्लाइंड वॉचमेकर’साठी लिहिलेल्या प्रणालीत माणसाचा हात थोडा आत आला. फांद्या फुटत जाणाऱ्या एका रेखाकृतीला नऊ ‘जनुकं’; दर पिढीत त्यांतलं एखादं किंचित बदलायचं; समोर आलेल्या पिल्लांतून खेळणाऱ्याने एक निवडायचं, आणि पुढची पिढी त्याची. डॉकिन्स यांना झाडांसारख्या आकृत्या येतील असं वाटलं होतं. काही पिढ्यांत पडद्यावर किडे दिसू लागले. १९९४मध्ये कार्ल सिम्स यांनी निवडणारा माणूसही काढून टाकला. त्यांनी महासंगणकात ठोकळ्यांचे जीव सोडले आणि जो जास्त वेगाने पोहेल किंवा चालेल त्याचीच पिल्लं पुढे नेली. त्यातून सापासारखे पोहणारे निघाले, वल्ह्यांसारखे हातपाय मारणारे निघाले, आणि काही जीव नुसते उंच वाढून धाडकन आडवे पडू लागले, कारण पडण्यातही वेग असतो! उत्क्रांतीचा खरा स्वभाव मला या पडणाऱ्या ठोकळ्यांत दिसतो. तिला आपल्या हेतूशी देणंघेणं नाही. नियमात फट असली की ती तिथून जाते.

पडद्यावर जीव घडवणाऱ्या या घराण्याला मॅक्सिस अगदी जवळची होती. १९९०चा ‘सिमअर्थ’ राइट यांनी शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांच्या गाया सिद्धान्तावर, म्हणजे पृथ्वी हा स्वतःला सावरणारा एकच जीव आहे या कल्पनेवर, रचला आणि लव्हलॉक यांनी त्यात सल्लागार म्हणून भाग घेतला. हवेतला कार्बन, समुद्राचं तापमान, खंडांचं सरकणं, सगळं खेळणाऱ्याने सांभाळायचं. त्यात बुद्धी माणसालाच फुटेल अशी हमी नव्हती. डायनासोर, देवमासे, अगदी मांसाहारी वनस्पतीसुद्धा शहरं वसवू शकत. मला हा खेळ आजही धाडसी वाटतो. पण तो कोरडा होता. खेळणारा ग्रहाच्या प्रकृतीचे आकडे वाचत बसे. जीव लावावा असं कुणी त्यात नव्हतं. १९९२चा ‘सिमलाइफ’ तर जनुकशास्त्राच्या प्रयोगवहीच्या आणखी जवळ गेला.

दुसरं घराणं संस्कृतीच्या जिन्याचं. सिड मायर आणि ब्रूस शेली यांचा ‘सिव्हिलायझेशन’ १९९१मध्ये आला. इसवी सनापूर्वी ४००० या वर्षी एक टोळी मुक्काम टाकते आणि कुंभारकाम, वर्णमाला, लोखंड असे शोध लावत अवकाशयानापर्यंत पोहोचते. त्याआधी, १९८०मध्ये, फ्रान्सिस ट्रेशॅम यांचा त्याच नावाचा पटावरचा खेळ इंग्लंडमध्ये निघाला होता. एक शोध हाती असला की पुढचा स्वस्तात मिळतो, ही युक्ती त्याच्यात होती. पण या जिन्याची पहिली पायरी मला ट्रेशॅमच्याही मागे, लुईस हेन्री मॉर्गन या अमेरिकन वकील-मानववंशशास्त्रज्ञाच्या १८७७च्या ‘एन्शंट सोसायटी’त दिसते. रानटी, अर्धरानटी आणि सुसंस्कृत अशा अवस्था त्याने पाडल्या आणि त्यांच्या सीमारेषा शोधांनी आखल्या: अग्नी, धनुष्यबाण, मडकी, पाळीव जनावरं, लोखंड, अक्षरं. ही यादी आजच्या कुठल्याही संस्कृती-खेळाच्या पडद्यावर खपून जाईल.

या यादीची अडचण दाखवायला आपल्याकडे इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबींसारखा साक्षीदार दुसरा नाही. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पालथ्या घालताना त्यांना अश्मयुगातली बारीक दगडी हत्यारं सापडत, आणि त्याच वाटांवर मेंढपाळांचे तांडे, शेंदूर फासलेले देव आणि नांगरणारे शेतकरी भेटत. भारतात एक अवस्था संपून दुसरी सुरू होत नाही, त्या एकाच वेळी शेजारी शेजारी नांदतात, हे त्यांनी पायी फिरून पाहिलं होतं. ‘स्पोर’मध्ये मात्र टोळीचा टप्पा संपला की टोळी संपते. मागचं दार बंद होतं.

राइट यांनी ‘स्पोर’ जगाला पहिल्यांदा सविस्तर दाखवला तो २००५च्या मार्चमध्ये, सॅन फ्रान्सिस्कोतल्या खेळनिर्मात्यांच्या परिषदेत. त्या भाषणाचा रोख मात्र उत्क्रांतीवर नव्हता, खर्चावर होता. खेळ मोठे होत चालले, तसं त्यांतलं प्रत्येक झाड, प्रत्येक प्राणी हाताने घडवणाऱ्या कलाकारांचं सैन्य लागू लागलं होतं. ‘द सिम्स’ने राइट यांना एक गोष्ट शिकवली होती: खेळणारे स्वतःच कपडे, फर्निचर, घरं बनवून एकमेकांना वाटतात. आणि युरोपातल्या ‘डेमोसीन’ या हौशी प्रोग्रॅमरांच्या चळवळीतल्या मुलांकडून दुसरी: चित्र साठवण्याऐवजी चित्र काढायची कृती साठवली तर अख्खं जग काही किलोबाइटांत मावतं. त्यांनी ही दोन सूत्रं जोडली आणि त्यातून प्राणी बनवण्याचा तो संपादक जन्मला.

हा संपादक म्हणजे ‘स्पोर’चा आत्मा. मातीच्या लगद्यासारखं एक धड समोर येतं. कणा ओढून लांब करायचा, वाकवायचा. कुठेही पाय लावायचे, तीन किंवा सात. डोळे गुडघ्यावर, तोंड पोटावर. आणि शेवटचा अवयव बसताच तो प्राणी चालू लागतो. इथे खरी किमया आहे. ॲनिमेशन करणाऱ्याने कधीही न पाहिलेल्या शरीराला चालणं कसं शिकवायचं? क्रिस हेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी हालचाली ठरावीक सांगाड्यावर बांधल्याच नाहीत. ‘उजवा हात वर कर’ असं सांगण्याऐवजी ‘पकडता येणारा सर्वांत पुढचा अवयव तोंडापाशी ने’ अशा भाषेत त्यांनी हालचाल लिहिली. कुठला अवयव आणि कुठलं तोंड, हे त्या क्षणी समोरच्या शरीराकडे बघून ठरतं. २००८मध्ये त्यांनी यावर शोधनिबंधही सादर केला. तयार प्राणी साठतो तो एका छोट्याशा चित्रात, आणि त्या चित्राच्या ठिपक्यांतच त्याची सगळी कृती दडवलेली असते. मित्राने पाठवलेलं चित्र उचलून खेळात टाकलं की तो प्राणी आपल्या ग्रहावर हिंडायला लागतो. गर्भाला आकृती मिळत नाही, आकृती घडवण्याची कृती मिळते, हे जीवशास्त्रातलं मूलभूत सत्य इतक्या सहज हातात देणारा दुसरा खेळ मला माहीत नाही.

जून २००८मध्ये हा संपादक आधी एकटाच बाजारात आला. महिन्याच्या आत लोकांनी बनवलेल्या प्राण्यांची संख्या पृथ्वीवर नोंदल्या गेलेल्या सजीवांच्या जातींपेक्षा जास्त झाली.

मग सप्टेंबरात पूर्ण खेळ आला, आणि अनेकांची निराशा झाली. नक्कल रोखणाऱ्या कुलपाबद्दलचा संताप वेगळा. तो ग्राहकांनी ॲमेझॉनवर एकेक तारा देऊन व्यक्त केला. खोलवरची निराशा वेगळीच होती. मॅक्सिसमध्ये काम चालू असतानाच विज्ञानाच्या बाजूचे आणि गोंडसपणाच्या बाजूचे असे दोन तट होते, आणि शेवटी गोंडसपणा वरचढ ठरला. २००५च्या प्रात्यक्षिकातलं रक्त गेलं, पाण्याखालच्या प्राण्यांचा टप्पाच गेला. ‘सायन्स’ साप्ताहिकाने ऑक्टोबरमध्ये नाइल्स एल्ड्रेज यांच्यासारख्या जीवशास्त्रज्ञांना हा खेळ दाखवून गुण द्यायला लावले. उत्क्रांतीत तो नापास झाला. हा निकाल मला योग्यच वाटतो. ‘स्पोर’मध्ये आपला प्राणी मेला तर घरट्यातून तोच पुन्हा उठतो. त्याची पिल्लं त्याच्यापेक्षा वेगळी होतात ती खेळणाऱ्याने गुण मोजून नवे पाय विकत घेतले म्हणून. योगायोगाने काही बदलत नाही, आणि जे टिकू शकत नाही ते गळतही नाही. कॉनवे यांच्या पटावर खेळणारा बाजूला होत होता. इथे तो एक क्षणही बाजूला होत नाही. पहिल्या घराण्याचं नाव लावून हा मुलगा दुसऱ्याच घराण्याचा निघाला.

तरी मी तो अजून खेळतो, संपादकासाठी. बेढब, वाकडातिकडा प्राणी पहिलं पाऊल टाकतो तेव्हा होणारा आनंद खोटा नाही, आणि हेकर यांच्या नियमांतून त्या प्राण्याने स्वतः शोधलेली ती लंगडी चाल कुणी आधी बघितलेली नसते. ठोकळ्यांच्या जिवांचं थोडंसं रक्त या पोरात उतरलं आहे ते इथे.

राइट २००९मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्समधून बाहेर पडले आणि २०१५मध्ये एमरीव्हिलचा मॅक्सिस स्टुडिओ बंद झाला. वंश मात्र चालू आहे, आणि तो त्या निराश झालेल्यांनीच चालवला. ‘स्पोर’ने दिलेलं वचन पाळायचं म्हणून जगभरच्या हौशी मंडळींनी एकत्र येऊन ‘थ्राइव्ह’ हा खेळ लिहायला घेतला. त्याची संकेतावली सर्वांना खुली आहे. त्यातली पेशी पाण्यातली द्रव्यं शोषते, आपली ऊर्जा आपणच तयार करते आणि ती संपली की मरते. खेळणारा आपली एक जात सांभाळत असतो तेव्हा शेजारच्या बाकीच्या जातींमध्ये संगणक स्वतःहून बदल सुचवतो, कोणता बदल कुठल्या पाण्यात तगेल याचा हिशेब मांडतो आणि ज्या जाती तगत नाहीत त्या नामशेष करतो, खेळणाऱ्याला न विचारता.