रस्ता : पायी चालणाऱ्याचा हक्क

राज्यघटनेच्या १५ व्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या जोडीने रस्त्यांचाही उल्लेख आहे. जातीच्या कारणाने कोणालाही रस्त्याच्या वापरास मज्जाव करता येणार नाही, हे या देशाला १९५० साली कायद्याने सांगावे लागले. ज्यांना रस्ता कधी नाकारलाच गेला नाही, त्यांना हा तपशील किरकोळ वाटेल. पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडके असे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली नोंदवले. आपला इतिहास हा पायी चालण्याच्या हक्काचाही इतिहास आहे, असे मी मानतो.

कोल्हापुरात या इतिहासाच्या खुणा ठळक आहेत. महार, मांग, रामोशी, बेरड यांच्यामागे ‘हजेरी’ लागलेली होती. गुन्हा नसताना रोज हजर होणाऱ्या माणसाला रस्ता असून नसल्यासारखाच. शाहू महाराजांनी १९१८ साली ही हजेरी बंद केली. १९१९ साली सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा सर्वांना खुल्या करण्याचे हुकूम काढले. पण हुकूम कागदावरच राहतो, हे महाराज जाणून होते. म्हणून गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलापुढे ते भर रस्त्यात गाडी थांबवून चहा घेत. हक्क बजावला जातो तो रस्त्यावर, सर्वांच्या देखत.

याच शहराने पुढे टोलविरोधी लढा दिला. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखे नेते त्यात होते. २०१५ च्या अखेरीस टोल रद्द झाल्याची घोषणा झाली. ती ऐकायला पानसरे नव्हते. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी फिरून परतताना त्यांच्यावर आणि उमाताईंवर गोळ्या झाडल्या गेल्या. २० फेब्रुवारीला पानसरे गेले. दाभोलकरांचा खूनही २०१३ साली पुण्यात सकाळी फिरतानाच झाला, आणि तोही अस्पृश्यतानिवारणासाठी झटलेल्या विठ्ठल रामजी शिंदे यांच्या नावाच्या पुलावर. कोल्हापूरच्या कार्यकर्त्यांनी उत्तर दिले ते चालूनच. महिन्याच्या २० तारखेला त्यांनी ‘निर्भय मॉर्निंग वॉक’ काढले.

आज पायी माणसाला मारायला बंदूकही लागत नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते. पायी आणि सायकलने कामावर जाणारा कोण असतो, हे वेगळे सांगायला नको. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुटपाथचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. निर्णय स्वागतार्ह आहे. मात्र ‘फुटपाथ मोकळा करा’ म्हणताच प्रथम उचलला जातो तो भाजीवालीचा गाडा. फुटपाथवर चढवलेली मोटार तशीच उभी राहते. फेरीवाल्यांना संरक्षण देणारा कायदा २०१४ सालापासून आहे. चालणारा आणि विकणारा हे एकमेकांचे शत्रू नव्हेत. त्यांना एकमेकांवर घालणारी व्यवस्था आपल्या जुन्या ओळखीची आहे.

म्हणून ही मागणी पेठापेठांतून, तालमींतून, बुद्धविहारांतून यायला हवी : वस्तीपासून शाळेपर्यंत सलग फुटपाथ, सायकलीला सुरक्षित वाट आणि गाड्याला हक्काची जागा. रस्त्यांची रुंदी मोटारींच्या संख्येवरून ठरवायची की माणसांच्या, हा प्रश्न अभियंत्याचा आहे तितकाच समतेचाही आहे.