जिन्याखालचा चहा

परवा बऱ्याच वर्षांनी निवांतपणे कोल्हापूरला गेले होते. मामाचं शाहूपुरीतलं दुकान बंद झाल्याचं फोनवर कळलं होतं. बटणं, लेस, अस्तर, चेन असं शिलाईचं सगळं सामान तिथे मिळायचं. सुट्टीत गेले की बटणांच्या डब्यांत हात घालून बसणं हा माझा आवडता उद्योग. ऐंशीच्या दशकात बांधलेलं ते शॉपिंग सेंटर तेव्हा काय झगमगायचं! मग एकेक शटर खाली आलं, ते आलंच.

आणि आता बघते तर काय, संध्याकाळी गाडी लावायला जागा नाही! खाली मिसळ, वर कॅफे, कोपऱ्यात तांबडा-पांढऱ्याची थाळी. ज्या मजल्यावर दिवे लागत नव्हते तिथे लोक नंबर लावून उभे. मामाच्या गाळ्यालाही एका हॉटेलवाल्याची मागणी आलीय. "अगं, कापड शिवून घेतंय कोण आता? खायला मात्र समदी येत्यात," मामा म्हणाला. आनंदाने म्हणाला की दुःखाने, ते कळलं नाही.

तसं बघितलं तर शाहूपुरीला हे नवीन नाही. १८९१ साली मिरजेहून रेल्वे कोल्हापुरात आली. १८९४ मध्ये शाहू महाराजांनी कारभार हाती घेतला आणि १८९५ मध्ये ही पेठ वसवली, ती मुख्यतः गुळाच्या व्यापारासाठी. आता गुळाचे सौदे मार्केट यार्डात निघतात. गूळ गेला, पेठ राहिली. तिथे दुसरे धंदे आले.

पण कोल्हापूर, बाजार आणि हॉटेल म्हटलं की मला आठवतात ते गंगाराम कांबळे. ते महाराजांच्या पागेत नोकरीला होते. वरच्या जातीच्या नोकरांसाठी राखलेल्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना बेदम मार बसला. महाराजांच्या कानावर हे गेल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शासन केलं आणि गंगारामांना नोकरीतून मोकळं करून स्वतंत्र धंदा काढायला मदत केली. भाऊसिंगजी रस्त्यावर 'सत्यसुधारक' हॉटेल उभं राहिलं. स्वच्छ जागा, चांगला चहा, पण गिऱ्हाईक फिरकेना. महाराचा चहा कोण पिणार?

मग महाराजांचा खडखडा त्या हॉटेलापुढे थांबू लागला. महाराज स्वतः चहा घ्यायचे आणि सोबतच्या उच्चवर्णीय मंडळींनाही प्यायला लावायचे. १९१९ साली त्यांनी सार्वजनिक ठिकाणी शिवाशिव पाळू नये असे हुकूम काढले, हे आपण शाळेत शिकतोच. पण हुकमाने विहीर खुली करता येते, हॉटेलात गिऱ्हाईक आणता येत नाही. त्यासाठी कुणीतरी आधी येऊन बसावं लागतं. महाराज १९२२ साली गेले. १९२५ मध्ये याच गंगारामांनी पुढाकार घेऊन नर्सरी बागेत त्यांचं स्मारक उभारलं. राजाचं स्मारक, आणि पुढाकार एका चहावाल्याचा!

असो. हे सगळं आठवायचं कारण वेगळंच. मामाच्या शॉपिंग सेंटरात जिन्याखाली एक चहावाला आहे. सगळी शटरं बंद होती तेव्हाही त्याचा स्टोव्ह चालू असायचा. उरलेले चार दुकानदार तिथेच भेटायचे. मामीच्या आजारपणात मामाला जेवणाचा डबाही त्यानेच आणून दिला होता. आता रौनक आली, तर काही गाळेवाल्यांना त्याच्या स्टोव्हमुळे 'शोभा जाते' असं वाटू लागलंय. त्याने जागा सोडावी असं चाललंय.

मामाने हॉटेलवाल्याला अजून होकार दिलेला नाही. भाडं चांगलं आहे, वय झालंय, मुलं पुण्यात. द्यायलाच हवा गाळा. पण तो म्हणाला, "करारात लिहून घेणार हाय, जिन्याखालच्याला हलवायचं न्हाई."

असं करारात लिहिता येतं का, आणि लिहिलं तरी बाकीचे ऐकतात का, मला माहीत नाही. मामालाही माहीत नसावं. निघताना आम्ही वरच्या कॅफेत गेलोच नाही. जिन्याखाली बाकड्यावर बसून दोन कटिंग घेतले. शेजारी कॉलेजची दोन पोरं येऊन बसली. वरच्या मजल्यावर त्यांचा नंबर लागायचा होता.