होतकरू खेळाडूची पारख (नाशिक जिल्हा)

होतकरू खेळाडूची पारख : आठ ते अठरा वर्षे वयाच्या मुलामुलींपैकी कोण पुढे वरच्या दर्जाचा खेळाडू होईल, याचा अंदाज शरीराची मोजमापे, मैदानावरचे निरीक्षण आणि घरची परिस्थिती यांवरून बांधण्याची रीत. नाशिक जिल्ह्याचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. लांब पल्ल्याच्या धावण्यात, रोइंगमध्ये आणि खो-खोत या जिल्ह्यातून आलेले खेळाडू तीन निरनिराळ्या वाटांनी हेरले गेले.

नाशिककडे वळण्याआधी पाहायचे, तर अशा पारखीचे बांधीव रूप ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये आढळते. तिथे १९८६ पासून राष्ट्रीय ड्राफ्ट, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, होतो. आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या क्लबला पहिल्या निवडीचा मान मिळतो आणि निवडले जाणारे बहुतेक जण अठरा वर्षांचे असतात. त्याआधी २० मीटर वेगाची धाव, जागेवरून व धावत येऊन उंच उडी, दिशा बदलत धावणे, २ किलोमीटरची धाव, वैद्यकीय तपासणी आणि मुलाखती होतात. क्लबांच्या हाती त्या मुलाच्या सामन्यांच्या चित्रफितीही असतात. ड्राफ्टमधले अंदाज तरीही चुकतात. १९९० च्या ड्राफ्टमध्ये जेम्स हर्डला ७९ व्या क्रमांकावर घेतले गेले; १९९६ मध्ये लीगच्या सर्वोत्तम खेळाडूसाठीचे ब्राउनलो पदक त्याने विभागून पटकावले. आपल्याकडचा दाखला सगळ्यांना आठवत असेल. २००८ मध्ये आयपीएलच्या पहिल्या हंगामासाठी एकोणीस वर्षांखालील खेळाडू लिलावाने न देता ड्राफ्टने वाटले गेले. दिल्लीने घरचा विराट कोहली सोडून वेगवान गोलंदाज प्रदीप संगवानला घेतले आणि कोहली बंगळुरूकडे गेला. गोलंदाज हवा होता म्हणून गोलंदाज घेतला, यात वावगे काही नव्हते. अमुक संघाची गरज आणि अमुक मुलाचा वकूब या दोन गोष्टी निवडीच्या टेबलावर हमखास एकमेकींत मिसळतात, एवढेच त्यातून दिसते.

महाराष्ट्रात काम याहून अवघड आहे, कारण इथे पारख फार लवकर करावी लागते. राज्य शासनाची क्रीडा प्रबोधिनी योजना १९९६ पासून चालू आहे. पुण्यातील बालेवाडीच्या क्रीडानगरीसह नाशिक आणि इतर विभागांत तिची निवासी केंद्रे आहेत. प्रवेशासाठी आठ ते चौदा वर्षांच्या मुलांच्या चाचण्या होतात. उंची व वजन घेतले जाते; ३० मीटर धाव (पळत येऊन सुरुवात करायची), १० मीटरच्या सहा फेऱ्या, जागेवरून लांब उडी, जागेवरून उंच उडी, मेडिसिन बॉल फेकणे, पुढे वाकून लवचीकता आणि शेवटी ८०० मीटर. प्रत्येक चाचणीला वयानुसार गुण असतात. उंच उडीला मूल आधी भिंतीला टेकून हात वर करते, तिथे खूण होते. मग खडू लावलेल्या बोटांनी उडी मारून दुसरी खूण करते आणि दोन खुणांतले अंतर मोजले जाते. यात लबाडी आणि चूक दोन्ही पहिल्या खुणेत होतात. खांदा पूर्ण न ताणता हात वर धरला की खूण खाली पडते आणि उडी फुकटची चार-पाच सेंटिमीटर वाढते. म्हणून सरावलेला परीक्षक उडीआधी मुलाच्या टाचा आणि खांदा पाहतो. फीत त्यानंतर.

या चाचण्यांचा खरा उपयोग चाळणीसारखा आहे. दहा वर्षांच्या मुलाने कोणत्याही खेळात काही कमावलेले नसते, त्यामुळे परीक्षकाला शरीराखेरीज पाहण्यासारखे फारसे काही मिळत नाही. शिवाय ते शरीर एकाच वेगाने वाढत नसते. मुलींची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती साधारण बाराव्या वर्षी, मुलांची चौदाव्या. एकाच वर्गातल्या दोन मुलांत शारीरिक वाढीचा दोन-तीन वर्षांचा फरक सहज असतो. लवकर मोठा झालेला मुलगा तेराव्या वर्षी सगळ्या चाचण्यांत पुढे असतो. सतराव्या वर्षी बाकीचे त्याला गाठतात. म्हणूनच अनुभवी मार्गदर्शक बसलेल्या स्थितीतील उंची आणि पायांची लांबी वेगळी मोजतात, आईवडिलांची उंची विचारतात. दोघांच्या उंचीची सरासरी काढून मुलाच्या बाबतीत तीत साडेसहा सेंटिमीटर मिळवायचे, मुलीच्या बाबतीत तेवढेच वजा करायचे, हा पूर्ण वाढीनंतरच्या उंचीचा ढोबळ अंदाजही कामी येतो.

वयाचाही घोळ आहेच. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत शाळेत नाव घालताना जन्मदाखला नसला की गुरुजी १ जून ही तारीख टाकत. त्या पिढ्या आता आजी-आजोबा झाल्या, तरी कागदावरचे वय आणि खरे वय यांची फारकत पुरती गेलेली नाही, आणि वयोगटाच्या स्पर्धांत ती मुद्दामही केली जाते. त्यावर उपाय म्हणून डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांच्या वाढीवरून वय ठरवतात. टॅनर-व्हाइटहाउस ही ती पद्धत. बीसीसीआय सोळा वर्षांखालील मुलांसाठी ती वापरते. तिची मर्यादाही तितकीच उघड आहे. ती हाडांचे वय सांगते, जन्माचे नव्हे, आणि पुन्हा लवकर वाढलेल्या मुलावरच संशय येतो.

८०० मीटर ही या मालिकेतली सर्वांत बोलकी चाचणी, आणि बहुतेक ठिकाणी तिच्या निकालातला फक्त वेळ लिहून घेतला जातो. पारखी नजर दुसऱ्याच गोष्टींवर असते. शर्यत कधीच न धावलेले मूल पहिले दोनशे मीटर जीव तोडून पळते आणि तिसऱ्या दोनशेत कोसळते. त्याचा वेळ वाईट येतो, पण कोसळल्यावरही पावले किती लांब पडतात, खांदे वर चढतात की नाही, थांबल्यावर दोन मिनिटांत नाडी कितीवर उतरते, यातून सराव दिल्यावर काय होईल याचा अंदाज येतो. मुलींच्या बाबतीत आधी रक्त तपासायला हवे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या. हिमोग्लोबिन कमी असलेल्या मुलीला ८०० मीटरमध्ये कमी गुण मिळतात तेव्हा मोजले जाते ते तिच्या ताटातले लोह. दोन-तीन महिने गोळ्या आणि नीट जेवण देऊन पुन्हा धावायला लावणे एवढी साधी गोष्ट आहे, आणि ती क्वचितच केली जाते.

मोजमापाने सापडलेला नाशिकचा खेळाडू म्हणजे दत्तू भोकनळ. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा हा मुलगा विहिरी खोदायच्या कामावर जात असे. २०१२ मध्ये तो सैन्यात गेला आणि पुण्यात बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये असताना प्रशिक्षकाच्या डोळ्यांत भरली ती त्याची सहा फुटांवरची उंची. रोइंगमध्ये लांब हातापायांना मोल असते, कारण वल्ह्याचा फेरा तेवढा लांब होतो. त्याआधी त्याने ना होडी हाकली होती ना त्याला पाण्याची सवय होती. उलट भीतीच होती. विशीत नवा खेळ धरून तो २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल्समध्ये तेरावा आला. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत चौघांच्या क्वाड्रुपल स्कल्समध्ये त्याने सुवर्ण मिळवले. आठ ते चौदाच्या कोणत्याही चाळणीत हा खेळाडू सापडला नसता. शरीराच्या ठेवणीवर अवलंबून असलेल्या खेळांत अठराव्या-विसाव्या वर्षी केलेली पारख अधिक भरवशाची असते, हे रोइंगवाल्यांना जगभर ठाऊक आहे.

कविता राऊतची गोष्ट वेगळी. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सावरपाडा या पाड्यावरची ही मुलगी नाशिकमध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे प्रशिक्षक विजेंद्रसिंह यांच्या हाताखाली आली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्य, २०१२ मध्ये अर्जुन पुरस्कार, २०१६ मध्ये रिओची मॅरेथॉन. चांदवड तालुक्यातल्याच वडाळीभोईची संजीवनी जाधवही याच प्रशिक्षकाकडे तयार झाली. २०१७ मध्ये तिने भुवनेश्वरच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ५,००० मीटरचे कांस्य आणि तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०,००० मीटरचे रौप्य मिळवले.

‘सावरपाडा एक्स्प्रेस’ हे कविताचे बिरुद रूढ झाल्यावर डोंगरातली आदिवासी मुले जन्मतःच काटक, हे पालुपद सुरू झाले. पाणी वाहणे, चढ-उतार, अनवाणी चालणे, सगळे त्यात आले. या समजुतीला फारसा आधार नाही. उंचीवरच्या सरावाचा फायदा साधारण १,८०० मीटरच्या पुढे मिळतो आणि नाशिक शहर ६०० मीटरच्या आसपास आहे. डोक्यावर हंडे वाहणाऱ्या मुली सह्याद्रीच्या प्रत्येक तालुक्यात आहेत. अकोले, जव्हार, पेठ येथून तशा धावपटूंची रांग लागलेली नाही. फरक इतकाच, की नाशिकमध्ये भोसला सैनिकी शाळेच्या मैदानावर एक प्रशिक्षक वर्षानुवर्षे ठाण मांडून राहिला आणि पोरांना रोज पाहत आला. मुलाला एका सकाळी मोजणे आणि दोन हंगाम रोज पाहणे यांत पहिल्याने सुरुवात करता येते, निकाल दुसऱ्यानेच लागतो. सुरगाणा तालुक्यातील अलंगुणच्या आश्रमशाळेतून खो-खोच्या मुली पुढे आल्या, तिथेही मूळ तेच आहे. मैदान शाळेच्या दारात आणि शिक्षक मुक्कामी.

खो-खोला २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खो लीग मिळाली आणि तिच्यासोबत ड्राफ्टही आला. सहा संघ, श्रेणीनुसार ठरलेले मानधन. तिथे पाहिल्या जाणाऱ्या गोष्टी प्रबोधिनीच्या तक्त्यात नाहीत. आक्रमकाची सूर मारताना पकड कुठवर जाते, खांबाशी तो किती झटकन वळतो, संरक्षक हूल देताना कमरेतून देतो की नुसत्या खांद्यातून, आणि साखळी खेळताना मागचा खो कुठून येणार हे त्याला न बघता कळते का. शेवटची गोष्ट कोणत्याही फितीने मोजता येत नाही. ती सामन्यांतच दिसते, म्हणून खो-खोतली निवड अजून बऱ्याच अंशी स्पर्धेच्या मैदानाशेजारी उभ्या असलेल्या जुन्या खेळाडूंच्या शब्दावर चालते. त्यात ओळखीपाळखी शिरते हेही खरे.

घरची परिस्थिती हा निवडपत्रावर नसलेला रकाना. निवासी केंद्रात घेतलेले मूल पहिल्या दिवाळीनंतर परत येईल की नाही, हे उडीच्या सेंटिमीटरवर ठरत नाही. घरी धाकटी भावंडे किती, शेत पावसाचे की पाण्याखालचे, यावर ठरते. सुरगाणा, पेठ आणि त्र्यंबकेश्वरमधली बरीच कुटुंबे भात निघाल्यावर दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला उतरतात आणि उन्हाळ्यापर्यंत तिथेच राहतात. त्या महिन्यांत तालुक्याच्या मैदानावर चाचणी लागली, तर यादीत नाव असलेली मुले बागेत वडिलांसोबत असतात. परीक्षक त्यांच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहून पुढच्या क्रमांकाला हाक मारतो.