शाळा गोव्याची, डॉक्टर साम्राज्याचे

पणजीची वैद्यकशाळा १८४२ साली सुरू झाली, तेव्हा मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज निघायला अजून तीन वर्षे अवकाश होता. पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण देणाऱ्या आशियातील सर्वांत जुन्या संस्थांपैकी ती एक. गोमंतकीयांना या गोष्टीचा अभिमान वाटतो आणि तो रास्तही आहे. परंतु या शाळेतून बाहेर पडलेले डॉक्टर कोणासाठी तयार होत होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या समाप्तीपासून १९६१ च्या मुक्तीपर्यंतची सोळा वर्षे पाहिली, म्हणजे या प्रश्नाचे महत्त्व ध्यानात येते.

शाळेच्या जन्माचे कारण निकडीचे होते. पोर्तुगालमधील डॉक्टर वसाहतीत यायला नाखूश असत आणि आलेले टिकत नसत. या उणिवेपायी पोर्तुगीजांना पूर्वीपासूनच येथील वैद्यांचा आश्रय घ्यावा लागला होता. गार्सिया द ओर्ता याने गोव्यात राहून येथील औषधी द्रव्यांवर ग्रंथ लिहिला. तो १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला आणि त्यात स्थानिक वैद्यांच्या ज्ञानाचे उल्लेख आहेत. पुढे १६१८ मध्ये एतद्देशीय वैद्यांची संख्या तीसपुरती मर्यादित करणारा नियम झाला. वैद्यांवाचून चालत नव्हते आणि त्यांच्यावर विश्वासही नव्हता, असा हा दुहेरी व्यवहार. एकोणिसाव्या शतकात मुख्य वैद्याधिकारी मातेउश सेझारियु रुद्रिगिश मुआशु याच्या प्रयत्नांनी रीतसर शाळा उभी राहिली, ती याच पार्श्वभूमीवर.

शाळेचे पदवीधर केवळ गोव्यापुरते राहिले नाहीत. मोझांबिक, अंगोला, गिनी, तिमोर अशा दूरच्या वसाहतींत त्यांच्या नेमणुका होऊ लागल्या. पोर्तुगीज साम्राज्याच्या आरोग्यखात्याचा मोठा भार गोमंतकीय डॉक्टरांनी वाहिला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. मात्र या सेवेतही प्रतवारी होती. लिस्बन, पोर्तो किंवा कोइंब्रा येथे शिकलेला डॉक्टर पहिल्या वर्गाचा आणि गोव्यात शिकलेला दुसऱ्या वर्गाचा, असा भेद एकोणिसाव्या शतकात रूढ झाला. पुढेही गोव्याच्या पदवीवर थेट पोर्तुगालमध्ये व्यवसाय करता येत नसे. त्यासाठी तेथे जाऊन पुन्हा शिक्षण पुरे करावे लागे. गोव्याच्या पदवीवर आफ्रिकेतील रोगी तपासता येत, लिस्बनमधील मात्र नाही. ज्ञान एकच, पण त्याचे मोल रोग्याच्या प्रतिष्ठेवर ठरे.

आफ्रिकेत या डॉक्टरांचे स्थान विलक्षण होते. कायद्याने ते पोर्तुगीज नागरिक होते, तर ज्यांच्यावर ते उपचार करीत ते बहुसंख्य आफ्रिकी लोक 'इंडिजिना' म्हणून नागरिकत्वाच्या बाहेर ठेवलेले होते. हा भेद १९६१ मध्ये रद्द होईपर्यंत टिकला. गोऱ्या वरिष्ठांच्या खाली आणि आफ्रिकी प्रजेच्या वर अशा मधल्या पायरीवर गोमंतकीय डॉक्टर उभा होता. त्याच्या सेवेचे श्रेय त्याला देताना ही पायरी कोणी बांधली होती, हेही विसरता येत नाही.

आता खुद्द गोव्याकडे वळावे. १९१० च्या पोर्तुगीज प्रजासत्ताकाने धर्मावर आधारलेले भेद कायद्याने दूर केले. त्यानंतर हिंदू तरुणांना लिसेव व वैद्यकशाळेचा मार्ग अधिक मोकळा झाला. तरीही शिक्षणाचे माध्यम पोर्तुगीजच होते. मराठी शाळेत अक्षरओळख झालेल्या मुलाला डॉक्टर व्हायचे तर आधी एक परकी भाषा पूर्णपणे आत्मसात करावी लागे. नंतर त्याच परक्या भाषेत शिकलेला रोग कोकणी बोलणाऱ्या रोग्याकडून समजून घ्यावा लागे.

महायुद्धानंतर पेनिसिलिन आणि डीडीटी यांनी जगभरच्या आरोग्यकार्याचे रूप पालटले. गोव्यात तालुक्याच्या ठिकाणी 'देलेगादु द सावद' हा आरोग्याधिकारी असे. देवी काढणे, साथींची खबर ठेवणे, स्वच्छतेवर नजर ठेवणे ही कामे त्याच्याकडे येत. परंतु मोठी रुग्णालये पाहिली तर पणजीचे सरकारी रुग्णालय, रायबंदरचे मिझेरिकॉर्दियाचे रुग्णालय, मडगावचे होस्पिसियु आणि म्हापशाचा आझिलो ही सारी तिसवाडी, साष्टी, बार्देश या जुन्या काबिजादींत होती. त्यांपैकी बरीचशी धर्मादायातून उभी राहिलेली. पेडणे, सत्तरी, सांगे, काणकोण या नव्या काबिजादींतील खेडुताला वैद्य, सुईण आणि घरगुती काढा यांचाच आधार होता. याच भागात चाळीसच्या दशकाच्या अखेरीपासून लोखंडाच्या खाणी झपाट्याने वाढल्या. खनिज बंदराकडे वाहू लागले, तरी रुग्णालय खेडुतापासून होते तितकेच दूर राहिले. १९५५ मध्ये भारताने सरहद्द बंद केली, तेव्हा बेळगाव-मुंबईकडे उपचारासाठी जाण्याची वाटही अडली. ओपा येथील पाणीपुरवठा योजना १९५७ मध्ये सुरू झाली, ही त्या काळातली एक जमेची बाजू.

या व्यवस्थेत मोठे काम करणारी माणसे होती, हे कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे. डॉ. फ्रुइलानु द मेलु (१८८७-१९५५) हे सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ वैद्यकशाळेचे संचालक होते. माकाझन येथील कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयामागे त्यांची प्रेरणा होती. १९४५ ते १९४९ या काळात ते लिस्बनच्या राष्ट्रीय सभेत गोव्याचे प्रतिनिधी होते. ज्या सालाझारी राजवटीत त्यांनी हे कार्य केले, तिने १९३० च्या वसाहत कायद्याने गोमंतकीयांना दुय्यम ठरवले होते आणि त्याविषयीची खंत त्यांनी उघड मांडली. अखेरची वर्षे त्यांनी ब्राझीलमध्ये काढली आणि साओ पावलो येथे त्यांचे निधन झाले.

लिस्बनने १९५१ मध्ये वसाहतींचे नाव बदलून 'सागरपार प्रांत' असे केले. नाव बदलले, नाते बदलले नाही. वैद्यकाच्या पेशातूनच याला उत्तर मिळाले, हा योगायोग म्हणता येणार नाही. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावला सविनय कायदेभंग केला, तेव्हा ते असोळणे येथे डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांचे पाहुणे होते आणि हे यजमान व्यवसायाने डॉक्टर होते. लिस्बनमध्ये शिकून आलेले शल्यविशारद डॉ. पुंडलिक गायतोंडे म्हापशाला काम करीत होते. फेब्रुवारी १९५४ मध्ये एका मेजवानीत वक्त्याने गोवा म्हणजे पोर्तुगालच असे सांगताच त्यांनी तेथल्या तेथे निषेध नोंदवला. त्यांना अटक झाली आणि पोर्तुगालला नेण्यात आले. आधीच डॉक्टरांची वाण असलेल्या प्रदेशाने केवळ एका वाक्यासाठी आपला एक कुशल शल्यविशारद गमावला. आरोग्यप्रशासनाची अग्रक्रमांची यादी कोण ठरवीत होते, हे याहून स्पष्ट काय असू शकते?

१९ डिसेंबर १९६१ नंतर चित्र बदलले. १९६३ मध्ये वैद्यकशाळेचे गोवा मेडिकल कॉलेज झाले आणि ते मुंबई विद्यापीठाशी जोडले गेले. आफ्रिकेतील पोर्तुगीज प्रदेशांत विद्यापीठीय शिक्षणाची स्थापना १९६२ मध्ये, म्हणजे गोवा हातून गेल्यानंतर झाली. एकशे वीस वर्षे गोव्याचे डॉक्टर वापरणाऱ्या साम्राज्याला आफ्रिकेतच डॉक्टर तयार करण्याची गरज तेव्हा भासली.

या वैद्यकशाळेचा इतिहास म्हणून दुहेरी आहे. तिने गोमंतकाला विद्या, प्रतिष्ठा आणि उत्तम डॉक्टर दिले. पण डॉक्टर कोठे जावा, कोणत्या वर्गाचा ठरावा आणि कोणत्या भाषेत शिकावा, हे गोमंतकाच्या हाती नव्हते. किती डॉक्टर घडले हा आकडा अभिमानाने सांगावा. मात्र त्यांतला एकही सत्तरीच्या रानातील आजाऱ्याच्या दारी वेळेवर पोचत होता का, हे विचारल्यावाचून तो हिशेब पुरा होत नाही.